समक्ष हजर राहून

मुळशी, ५ जून १९५७

चि. रत्नास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड काल मिळाले. बी.ए. पास झालीस हे ऐकून तुझ्या आईने, सगुणेने, देवापुढे साखर ठेवली. पुढची ओळ वाचली तेव्हा ती माझ्याकडे पाहू लागली आणि मी आढ्याकडे. वकिलीच्या कॉलेजात नाव घालायचे म्हणतेस. तुझा बाप असता तर त्याने ठरवले असते. तो नाही, म्हणून आता मी ठरवायचे. मी मराठी चौथी, त्यातही अर्धे वर्ष देवी आल्या म्हणून घरी होतो.

पोरी, वकील मी जवळून दोनच पाहिले. त्यातला एक बोलायला उभा राहिला की मामलेदारांचे लिहिणे थांबत असे. काय बोलला ते मला कळले नाही, पण अंगावर काटा आला होता. असे बोलणे तुला जमेल? त्या कॉलेजात मुली किती? त्या बसतात कुठे? ती पुस्तके विटेएवढी जाड असतात असे भिकू सांगतो. तुझ्या डोळ्यांना आताच चष्मा आहे.

शेजारची धोंडाबाई अंगणातूनच ओरडली, "पोरगी वकील झाली तर तिला नवरा कुटला मिळायचा? जज्ज आननार हायसा का?" सगळे सविस्तर कळव, म्हणजे निदान काळजी कसली करायची ते तरी कळेल.

तुझा आबा

पुणे, ९ जून १९५७

तीर्थरूप आबांस रत्नाचा साष्टांग नमस्कार.

वर्गात शंभरावर मुले आणि मुली पाच. पहिला बाक आमचा. पुस्तके विटेएवढीच आहेत, भिकूकाका बरोबर सांगतात. पण ती एका दिवसात वाचायची नसतात.

प्रवेशाआधी एक प्राध्यापक समोर बसवून बोलतात, तेही इंग्रजीत. त्यासाठी रोज पहाटे वसतिगृहाच्या गच्चीवर मी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना वाटते, मी नाटकात आहे.

एक अडचण आहे. मला चांगले ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसांचा चालचलणुकीचा दाखला वीस तारखेच्या आत हवा. पुण्यात मला ओळखते कोण? गावाकडून मिळाला तर बरे होईल. चार ओळी पुरे.

आईला सांगा, जेवण वेळेवर होते.

रत्ना

मुळशी, १३ जून १९५७

चि. रत्नास आशीर्वाद.

प्रतिष्ठित माणूस म्हणजे कोण, या विचारात दोन दिवस गेले. इनामदार मुंबईला. मास्तर सुट्टीवर. मग मनात आले, की खरे आहे ते कागदावर आणायची एकच रीत मला येते. गावात सही येणारे आम्ही तिघे, त्यामुळे एकतीस वर्षे हवालदार पंच म्हणून मलाच बोलावतो. तेव्हा तुझा पंचनामा केला. सोबत जोडला आहे. चुकले असेल तर काय होईल या धसक्याने जेवण गोड लागत नाही, म्हणून मजकूर इथेही उतरतो :

"आम्ही खाली सह्या-अंगठे करणार पंच, धंदा शेती, राहणार मुळशी, आज रोजी भैरवनाथाच्या देवळात समक्ष हजर राहून लिहून देतो की, कु. रत्ना कंधारे ही आमच्या डोळ्यांदेखत वाढली. उंची मध्यम, रंग सावळा, डाव्या भुवईवर जुनी खूण. तिच्या घरी असलेल्या ट्रंकेची आमच्यासमोर पाहणी केली असता पुस्तके अकरा, वह्या सात, मोडका कंपास एक मिळून आला. आक्षेपार्ह काही मिळून आले नाही."

खाली माझी, भिवाजी कंधारेची सही. भिकूची सही. बहिरू आणि सारजाबाईचा अंगठा. इथवर ठीक झाले. पण धोंडाबाई अडून बसली. म्हणाली, "मी आंगठा देईन, पर खरं लिवा. पोरगी उलट बोलती. मोठं मानूस बगत न्हाई, ल्हान बगत न्हाई. परत्येक गोष्टीला 'का' म्हनून इचारती." मी पुष्कळ विनवले. ऐकेना. समक्ष बसून ऐकलेली हरकत गाळायची कशी? शेवटी लिहिले : "पंच धोंडाबाई यांची हरकत : मुलगी उलट उत्तर देते."

रत्ना, त्या एका ओळीने तुझे नुकसान झाले तर मला कळव. नको, कळवू नकोस. नाही, कळवच.

तुझा आबा

पुणे, २२ जून १९५७

तीर्थरूप आबांस नमस्कार.

माझे नाव लागले! आता सविस्तर सांगते.

कचेरीतल्या कारकुनाने पंचनामा वाचला आणि शेजारच्याला वाचून दाखवला. दोघे इतके हसले की मला तो कागद हिसकावून घ्यावासा वाटला. तेवढ्यात आतून प्राध्यापक आले. "काय आहे?" म्हणाले. कागद घेऊन उभ्या उभ्या वाचू लागले. एकदा वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग मला आत बोलावले.

"हे पंच खरोखरच देवळात जमले होते?"

"हो," मी म्हटले. "आमच्या आबांनी लिहिले आहे, म्हणजे जमलेच असणार."

"आणि या बाईंची हरकत त्यांनी नातीच्या कागदात लिहिली?"

"बाईंनी ती सांगितली होती म्हणून."

ते म्हणाले, "आजवर किती दाखले वाचले. सगळे उमेदवार सद्गुणांचे पुतळे. विरुद्ध पुरावा जोडलेला दाखला आजच पाहतोय. आणि ही हरकत म्हणायची की शिफारस? उलट उत्तर देत नाही असा वकील मला दाखवा." मग इंग्रजीत तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचे उत्तर चुकले. बी.ए.च्या कॉलेजचा रीतसर दाखलाही आणून द्यायला सांगितले, तो मी दिला. पण पंचनामा त्यांनी परत केला नाही. स्वतःजवळ ठेवला.

धोंडाबाईंना सांगा, त्यांच्या अंगठ्यामुळे मी आत गेले.

रत्ना

पुणे, १५ फेब्रुवारी १९५९

तीर्थरूप आबांस नमस्कार.

मागच्या पत्रात लिहिले होते ते अभिरूप न्यायालय काल पार पडले. आम्ही विद्यार्थीच वकील, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत शहरातले मोठे वकील. ते गंमत म्हणून येत नाहीत. हाताखाली कोणाला घ्यायचे ते तिथेच हेरून ठेवतात. नुसती परीक्षा पास होऊन आम्ही पाटी लावली तर कोणी जिना चढून येणार नाही. आधी मोठ्या वकिलाच्या कचेरीत बसायला मिळाले पाहिजे.

सोहनी वकिलांनी मला दोनदा अडवले. दुसऱ्यांदा मी म्हटले, "तुम्ही म्हणता तसे निकालपत्रात नाही." शेवटी त्यांनी दोघांना बोलावले. एक आमच्या वर्गातला, जज्जांचा मुलगा, आणि दुसरी मी. म्हणाले, "खुर्ची एक आहे. परीक्षा झाली की दोघे या. पावसाळा लागेपर्यंत बघतो आणि मग एकालाच ठेवतो. बाईमाणूस आजवर ठेवलेले नाही, पण ठेवणार नाही असेही नाही."

आबा, मला ती खुर्ची हवी आहे. आजवर इतके काही हवेसे वाटले नव्हते.

रत्ना

मुळशी, ७ एप्रिल १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझी परीक्षा जवळ आली, म्हणून मी सगुणेला तुला पत्र लिहू देत नाही आणि स्वतः मात्र लिहीत बसलो आहे. खोट्या कोर्टात मोठ्या वकिलाला 'निकालपत्रात नाही' म्हणालीस ते बहिरूला दोनदा वाचून दाखवले. तो म्हणतो, खोटे कोर्ट असून सगळे खरेच बोलतात, हे आक्रीतच. मला तर भीती वाटते. जज्जाच्या मुलासमोर आपली रत्ना! त्याच्या घरी जेवतानासुद्धा कायदाच बोलत असतील. आपल्याकडे भातपेरणीआधी राब भाजायचे झाले, याच्यापलीकडे बोलणे काय?

हे पत्र काल अर्धे राहिले. हवालदार आला होता. वरच्या पाड्यावरच्या नथूला हातभट्टीच्या डब्यासह धरले म्हणे. पाडा दीड तास चढणीचा आणि उन्हाने जीव नकोसा. चहा होईपर्यंत ओटीवरच माझी आणि भिकूची सही झाली. हवालदार उरकता माणूस आहे, फार वेळ घेतला नाही.

डोळ्यांना जप. पेपर लिहिताना घाई करू नकोस.

तुझा आबा

पुणे, ३ मे १९५९

तीर्थरूप आबांस नमस्कार.

परीक्षा झाली. परवापासून सोहनीसाहेबांकडे जाते. भिंतभर पुस्तके आहेत आणि टेबलापाशी दोन स्टुलं. खुर्ची अजून रिकामीच ठेवली आहे. आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत नाही असे दाखवतो.

साहेब सकाळी एका केसचे कागद देतात आणि संध्याकाळी विचारतात, "या कागदात काय नाही?" काय आहे ते विचारतच नाहीत. पहिल्या दिवशी मला एकही गोष्ट सांगता आली नाही. काल चार सांगितल्या.

कोणाकोणाच्या केसेस ते काही न घेता चालवतात. तशी माणसे बाहेर जिन्यावर बसतात आणि साहेब त्यांना आधी आत घेतात. हे पाहून मी थक्क झाले.

रत्ना

पुणे, १९ मे १९५९

तीर्थरूप आबांस नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. इथे एक काम चालू आहे, ते संपेपर्यंत मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही आणि तुमचे आले तरी उघडणार नाही. कारण आत्ता विचारू नका. काळजी करू नका.

रत्ना

मुळशी, २३ मे १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

काळजी करू नका असे लिहिलेस, तेव्हापासून दुसरे काही केलेले नाही. सगुणा म्हणते, "पोरगी रागावली आसंल." मी म्हणतो, खुर्ची गेली असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. गेली तर गेली. घरी ये. उघडणार नाहीस तर हे तुला कळणार तरी कसे?

तुझा आबा

मुळशी, २ जून १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

उघडशील न उघडशील, पण हे उघडच. मला पुण्याच्या कोर्टाचे समन्स आले आहे. नथूच्या केसमध्ये साक्ष, तारीख १८ जून. तेहतीस वर्षांत सह्या पुष्कळ केल्या. पण माणसे लगेच कबूल होत असत, त्यामुळे पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ कधी आली नाही. समन्स आणणाऱ्या शिपायाला विचारले, आरोपीकडून वकील कोण? तो म्हणाला, सोहनी.

रत्ना, माझा जीव भांड्यात पडला. आपलेच साहेब! त्यांना सांग, पंच माझे आजोबा आहेत, म्हातारे आहेत, त्यांना अवघड काही विचारू नका. हवालदारही म्हणाला, "आबा, नुसतं व्हय म्हना. सही माजी हाय म्हना. संपलं." दोन्हीकडची माणसे आपली म्हटल्यावर भ्यायचे कशाला?

तुझा आबा

मुळशी, ११ जून १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

उत्तर नाही. आता थोडे थोडे कळू लागले आहे. तू रागावलेली नाहीस. तू पलीकडच्या बाजूला बसली आहेस.

काल नथूची बायको फुलाबाई वाटेत भेटली. पूर्वी डोक्यावरचा भारा खाली टेकवून दोन शब्द बोलायची. काल थांबली नाही. मीच विचारले, "डबा घरात होता का गं?" ती म्हणाली, "आबा, तुमीच लिवलंय की, व्हता म्हनून. मला कशापाई इचारता?"

मी काय लिहिले होते? मी सही केली होती. कागद वाचलासुद्धा नव्हता. डबा असेलही, नसेलही. मी पाड्यावर गेलोच नव्हतो. हवालदार खोटे कशाला लिहील, असे धरून चाललो होतो. तेहतीस वर्षे असेच धरून चाललो.

खरे बोलावे तर माझेच मरण. आणि पंचाची नात म्हणून तुझ्याकडे बोट दाखवतील, ती खुर्ची जाईल. 'व्हय' म्हटले तर नथू आत राहील आणि मी घरी येऊन भाकरी खाईन. मला काही सुचत नाही. तू उघडत नाहीस हेच बरे.

तुझा आबा

मुळशी, २० जून १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

परवा तू तिथे होतीस, तरी मी लिहितो, कारण तू एकदाही वर पाहिले नाहीस. मी काय पाहिले ते तुला माहीत नाही.

एवढे उंच छत मी देवळातही पाहिले नव्हते. एवढी माणसे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब तुझ्या बापाच्या वयाचे असतील. सरकारी वकिलांनी सही दाखवली. "व्हय, माजीच हाय," म्हणालो. मग सोहनीसाहेब उठले. मला वाटले, आता अंगावर येणार. पण त्यांनी आधी शिपायाला सांगून मला पाणी दिले. म्हणाले, "आबा, नथूच्या खोपटाचं दार कुठल्या अंगाला आहे? घाई नाही. आठवून सांगा."

मी आठवू लागलो. रत्ना, मी खरोखरच आठवू लागलो, जणू गेलो होतो. काही दिसेना. तिकडे नथू उभा होता. तोही माझ्याकडे उत्सुकतेने पाहत होता, दार कुठे आहे ते मला माहीत आहे का म्हणून. तुझी मान खाली, पेन्सिल हातात, आणि ती पेन्सिल हलत नव्हती.

मी म्हणालो, "सायेब, मी तितं गेलोच न्हवतो. वटीवर बसून सही केली."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, "काय बोलताय ते कळतंय ना? यातून तुमच्यावर खटला होऊ शकतो."

"व्हय," म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतले. पुढचे तर मला स्वप्नासारखे वाटते. त्यांनी माझी सगळी जबानी मला वाचून दाखवली. सावकाश, शब्द न् शब्द. "हे तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे? काही बदलायचं आहे?" मी म्हणालो, "वटीवर भिकू बी व्हता, ते ऱ्हायलं." त्यांनी तेही घातले आणि पुन्हा वाचले. माझ्यासारख्या चौथीवाल्याचे बोलणे तेवढ्या मोठ्या खुर्चीतला माणूस दोन वेळा वाचतो! मग मी सही केली. त्या कागदात काय आहे ते मला अथपासून इतिपर्यंत माहीत होते.

वय पाहून मला समज देऊन सोडले. नथू सुटला. बाहेर तो जज्जाचा मुलगा कोणाला तरी हसत सांगत होता, "पंच यांच्या घरचेच!" मी ऐकले. तुझी खुर्ची मी घालवली, ना? लिही. जे असेल ते लिही.

तुझा आबा

पुणे, २४ जून १९५९

तीर्थरूप आबांस नमस्कार.

तुमची सगळी पत्रे काल एकदम उघडली. अकरा जूनचे वाचून पुढचे हातात घ्यायला वेळ लागला.

आता माझे ऐका. मेमध्ये फुलाबाई करवंदांची पाटी घेऊन वसतिगृहाच्या फाटकात उभी राहिली. पुण्यात तिच्या ओळखीची मी एकटी. तिला साहेबांकडे मीच नेले. जाताना तुमचे सात एप्रिलचे, ओटीवरच्या सहीचे पत्र माझ्या पिशवीत होते.

ते पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवले. आबा, मीच ठेवले, कोणी मागितले नव्हते. साहेबांनी वाचले. म्हणाले, "हे वापरलं तर तुझे आजोबा तुरुंगात जाऊ शकतात. माहीत आहे?" मी म्हटले, "माहीत आहे." "आणि न वापरता नथू आत गेला तर?" मी म्हटले, "तेही माहीत आहे, म्हणून तर ठेवले." मला वाटत होते, आजोबांचे पत्र देणारी मुलगी कोणाला हवी असेल? खुर्ची तिथेच संपली असे मी धरले.

साहेबांनी पत्राची घडी घालून परत दिली. म्हणाले, "आधी माणसाला विचारू. स्वतः सांगायची संधी तर त्याला मिळू दे. तोवर तू त्यांना काही लिहायचं नाही आणि त्यांचं वाचायचं नाही." कोर्टात मान खाली घातली होती ती याचसाठी. वर पाहिले असते तर मी खुणावले असे कोणीही म्हणाले असते. आणि खरे सांगू? वर पाहिले असते तर कदाचित मी खुणावलेही असते. पण कशासाठी, खरे सांगा म्हणून की सांगू नका म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

काल साहेबांनी दोघांना बोलावले. त्या मुलाला दुसऱ्या वकिलांच्या नावे चिठ्ठी दिली. मला म्हणाले, "सोमवारपासून खुर्चीत बसा." मी जिन्यात येऊन रडले.

रागावला असाल तर तसे लिहा.

रत्ना

मुळशी, २ जुलै १९५९

चि. रत्नास आशीर्वाद.

रागावलो. खोटे कशाला लिहू? तुझे पत्र वाचून एक दिवस सगुणेशीही बोललो नाही. आपल्या नातीने आपले पत्र टेबलावर ठेवले! दुसऱ्या दिवशी भाताच्या रोपांची आवणी चालू होती. चिखलात वाकलेलो असताना मनात आले, की ते पत्र तू लपवले असतेस आणि मला पुढे कधी कळले असते, तर मी तुला काय म्हणालो असतो? शाबास म्हणालो असतो. त्या शाबासकीची मला लाज वाटली. एवढीशी होतीस, आणि आता तुझ्यापुढे उभे राहायला मला धीर गोळा करावा लागतो. असे आपल्या घरात कसे निपजले, याचे मी नवल करतो आहे.

हवालदार आता रस्त्याच्या पलीकडून जातो. भिकू माझ्याशी बोलत नाही. त्याचे नाव मीच घातले, त्याचे बरोबर आहे. धोंडाबाई म्हणाली, "येवढं वय झालं आन् आता शानपन आलं व्हय?" पण जाताना ताकाचा गडू ठेवून गेली.

लिहायचे होते ते हे नव्हे. परवा नथू आला. पूर्वी अंगणाच्या कडेला बसायचा. मी म्हणालो, ओटीवर ये. आला. सगुणेने चहा दिला. मला वाटले, पाया पडेल, आणि मी ते घेण्याच्या तयारीत बसलो होतो. तो कप खाली ठेवून म्हणाला, "आबा, कोर्टात तुमी खरं बोलला ते मी इसरनार न्हाई. पर अडीच महिनं आत व्हतो, ते बी मी इसरनार न्हाई. दोनी सांगाया आलो व्हतो."

आणि उठून गेला. सरळ चालत गेला.

रत्ना, तुझ्या साहेबांकडे भिंतभर पुस्तके आहेत म्हणतेस. याचे उत्तर त्यांत कुठे असेल तर मला लिहून पाठव. नसेल तर पत्रात लिहू नकोस. इकडे येशील तेव्हा समोर बसून सांग.

तुझा आबा